भरती पाहून ठरवलेली सकाळ : करावे पाणथळीवरील पक्षीनिरीक्षण फेरी

हिवाळा सुरू झाला की नवी मुंबईत पक्षीनिरीक्षणाच्या फेऱ्यांचे संदेश मोबाइलवर येऊ लागतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा मजकूर एकाच साच्याचा असतो : रविवार, सकाळी साडेसहा, फ्लेमिंगोंचे गुलाबी थवे, सोबत नाश्ता. ज्या फेरीविषयी येथे लिहीत आहे तिच्या संदेशात वार शुक्रवार होता, वेळ साडेसातची होती आणि तारखेच्या शेजारी तिथीही दिलेली होती, माघ शुद्ध त्रयोदशी. कार्यालयीन दिवशी रजा काढून आणि उजाडल्यानंतर पक्षी पाहायला कोण जाईल, असे घरात विचारले गेले. फेरी करून आल्यानंतर माझे मत असे झाले आहे की या सेवेची निम्मी किंमत त्या तिथीसाठीच द्यावी.

फेरी चालवणारे दोघे नेरूळचे रहिवासी असून त्यांच्यासोबत करावे गावातले एक निवृत्त मच्छीमार असतात, ज्यांना सगळे ‘मामा’ म्हणतात. संस्था म्हणावी इतका त्यांचा पसारा नाही. एका वेळी दहाच माणसे घेतात, नोंदणी ओळखीतून होते आणि गर्दी वाढू नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे त्यांचे नाव येथे देत नाही. पण त्यांनी जी पद्धत ठेवली आहे ती आहे की नाही, हे कोणत्याही आयोजकाला पैसे भरण्याआधी विचारता येते. शुल्क माणशी पाचशे रुपये. त्यात तीन तासांचे मार्गदर्शन, एक स्पॉटिंग स्कोप (तिपाईवर लावायची मोठी एकनळी दुर्बीण), ज्यांच्याकडे दुर्बीण नाही त्यांना दुर्बीण आणि शेवटी चहा एवढे येते. प्रवास ज्याचा त्याने करायचा असतो.

तिथीचे महत्त्व आधी सांगितले पाहिजे, कारण नेमके तेच जाहिरातींत नसते. ठाण्याच्या खाडीत दिवसातून दोनदा पाणी चढते आणि दोनदा उतरते, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकत जाते. ओहोटीला खाडीच्या दोन्ही अंगांना चिखलाचे रुंद पट्टे उघडे पडतात. पक्ष्यांचे पोट त्या चिखलावर असते, म्हणून ओहोटीत ते काठापासून फार दूर, पाण्याच्या कडेकडेने पसरलेले असतात. भरतीत चिखल बुडू लागला की त्यांना उभे राहायला जागा लागते, आणि तेव्हा ते तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या, मागच्या उथळ तळ्यांत थव्याथव्याने येऊन उतरतात. करावे गावाजवळ, टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागे आणि एनआरआय वसाहतीलगत जी तळी आहेत, ती अशी विश्रांतीची जागा आहे. म्हणजे काठावर उभ्या असलेल्या माणसाला पक्षी जवळून दिसायचे असतील तर चढत्या भरतीची वेळ गाठावी लागते, आणि रविवार ती वेळ पाहून येत नाही. मागे दुसऱ्या एका आयोजकाबरोबर पौर्णिमेला पहाटे गेले होते. तेव्हा भर ओहोटीत दूरवर एक गुलाबी रेघ पाहून, त्या रेघेच्या दिशेने मोबाइल धरून, सात-साडेसातला आम्ही सगळे परतलो होतो.

मामांचा हिशेब कोळीवाड्यांत आणि कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हा हिशेब ढोबळ आहे आणि प्रत्यक्ष वेळ त्याच्या पुढेच पडते. छापील कोष्टकेही मुंबईच्या अपोलो बंदराची असतात आणि तेथून खाडीत आत पाणी पोहोचायला थोडा वेळ लागतो. त्रयोदशीची पाऊणपट पावणेदहा येते. आम्ही गेलो त्या दिवशी पाणी थांबले ते साडेदहाच्या सुमारास. केवळ वेळ पाहूनही भागत नाही, हे आयोजकांनी फार चांगले समजावले. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तिला जोर नसतो, त्यामुळे पुष्कळसा चिखल उघडाच राहतो आणि पक्ष्यांना तळ्याकडे यायचे कारण पडत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला जोर असतो, परंतु भरती ऐन दुपारी येते, तोवर ऊन डोक्यावर चढून पाण्यावरची हवा थरथरू लागलेली असते आणि स्कोपमधून सगळेच पक्षी वितळल्यासारखे दिसतात. या दोहोंच्या मधला दिवस म्हणजे त्रयोदशी किंवा चतुर्दशी. महिन्यातून असे चारच दिवस मिळतात, त्यांतले किती सुट्टीच्या दिवशी यावेत ही नशिबाची गोष्ट आहे, आणि आयोजकांनी सुट्टीपेक्षा तिथीला मान दिला म्हणून ही फेरी वेगळी ठरते.

ठाण्याहून यायला ट्रान्स-हार्बर मार्गाची पनवेल गाडी सोयीची आहे. सीवूड्सला उतरून रिक्षा केली की दहा मिनिटांत पाम बीच रस्ता ओलांडून पाणथळीच्या बाजूला पोहोचता येते. माझ्यासोबत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई होत्या. त्यांचे गुडघे साथ देणार नाहीत ही शंका नोंदणीच्या वेळी बोलून दाखवली तेव्हा चालायचे अंतर किती, बांधावर वाट किती रुंद, कुठे बसता येईल, याची सविस्तर उत्तरे मिळाली आणि त्यांच्यासाठी घडीचे एक स्टूल आणले गेले. दहा माणसांच्या गटात हे शक्य होते. चाळीसजणांची बस आणणाऱ्यांकडून याची अपेक्षा करता येत नाही.

पहिला तास मुद्दाम तळ्यासाठी ठेवलेला नव्हता. पाणी अजून चढायचे होते, म्हणून आम्हाला तिवरांच्या कडेने नेण्यात आले, आणि केवळ फ्लेमिंगोंसाठी आलेल्या दोघा-तिघांची येथे थोडी चुळबुळ झाली. माझ्या मते हा तास वाया गेला असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिवराच्या पानाची खालची बाजू दाखवून, पान न तोडता तिच्यावरून बोट फिरवून जिभेला लावा, असे मार्गदर्शकाने सांगितले. सासूबाईंनी बोट लावले आणि “अगं, खारट आहे की,” म्हणाल्या. मुळांनी ओढलेल्या खाऱ्या पाण्यातले मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्याचे बारीक कण चमकताना दिसतात. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वसनमुळे, त्यांच्यामधून पाठीवरचा पर ताठ करून उड्या मारणारे निवटे, एकच नांगी मोठी असलेले इवलेसे खेकडे, हे सारे हाताच्या अंतरावर होते. निवटे खातात का, हा प्रश्न अर्थातच निघाला. मामांनी बिळात हात घालून ते कसे धरतात आणि कालवणाला चिंच किती घालतात इथपर्यंत उत्तर दिले. एका शाळकरी मुलीला निवट्यांत इतका रस वाटला की पुढे तळ्यावर तिला ओढून न्यावे लागले.

याच तासात एक काळ्या डोक्याचा खंड्या तिवराच्या सुक्या फांदीवर बराच वेळ बसून राहिला. गडद निळी पाठ, काळी टोपी, पांढरी गळपट्टी आणि लालभडक चोच असा हा पक्षी बागेत दिसणाऱ्या नेहमीच्या खंड्यापेक्षा पुष्कळ देखणा आहे, आणि स्कोप त्याच्यावर लावून प्रत्येकाला पुरेसा वेळ दिला गेला. एक मार्श हॅरियर चिखलावरून खालून घिरट्या घालत गेला तेव्हा दूरवरचे सगळे लहान पक्षी एकदम उठले, वळले, चांदीसारखे चमकले आणि पुन्हा बसले. मार्गदर्शकाने त्या वेळी शिकारी पक्ष्याकडे पाहण्याऐवजी उठलेल्या थव्याकडे पाहायला सांगितले, कारण कोणता पक्षी किती घट्ट थव्यात उडतो यावरून त्याची जात लांबूनही ओळखता येते.

पावणेनऊनंतर तळ्याचा रंग बदलू लागला. आधी शेकाटे होतेच, कारण ते बाराही महिने येथेच वावरतात. लांब गुलाबी पायांवर तोल सावरत ते पाण्यात टोचे मारत होते. त्यांच्यात काळ्या शेपटीचे पाणटिवळे येऊन उतरले. पहिला थवा शेदीडशेचा असावा, आणि त्यानंतर असे थवे इतक्या लवकर लवकर आले की मोजणे सोडून द्यावे लागले. उडताना पंखावरची पांढरी पट्टी आणि शेपटीचे काळे टोक दिसते. बसल्यावर मात्र हिवाळी वेषातला हा पक्षी एक राखाडी, उंच पायांचा, सरळ लांब चोचीचा साधा पाणपक्षी असतो. चोचीचा बुडखा गुलाबी आणि टोक काळे आहे, हे स्कोपमधून पाहिल्याशिवाय कळत नाही. पाणी पोटाला लागेपर्यंत ते उभे राहतात, मान पूर्ण बुडवतात आणि चोच चिखलात शिलाई यंत्राच्या सुईसारखी वरखाली करतात. ही जात जागतिक पातळीवर संकटसमीप गणली जाते आणि ठाण्याच्या खाडीत ती अशी गर्दी करते, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. शहराच्या भिंतींवर चित्रे फ्लेमिंगोंची आहेत.

फ्लेमिंगो नऊच्या पुढे आले, एका दमात न येता रांगारांगांनी, आणि यायच्या आधी त्यांचा गलका ऐकू आला, जो ऐकून त्या डौलदार देहाशी त्याचा मेळ बसत नाही. येथे मार्गदर्शनाचा खरा कस लागतो, कारण या क्षणी गटातला प्रत्येक माणूस कॅमेरा काढतो आणि बोललेले कोणाला ऐकू येत नाही. मार्गदर्शकाने सुरुवातीची पाच मिनिटे काहीच न सांगता जाऊ दिली. मग स्कोप थव्याच्या कडेला लावून एकेकाला बोलावले आणि दोन पक्षी शेजारी उभे असलेले दाखवले : एक छोटा रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच), गडद किरमिजी चोचीचा, आणि त्याच्यापेक्षा दीडपट उंच मोठा रोहित, ज्याची चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी असते. खाडीत बहुसंख्य छोटेच असतात. मोठ्याचा रंग पांढऱ्याकडे झुकलेला असतो, त्यामुळे गुलाबी म्हणून ज्यांचे फोटो काढले जातात ते बहुधा छोटे. राखाडी-तपकिरी रंगाची काही पिल्लेही थव्यात होती. अंगाचा गुलाबीपणा शेवाळ आणि सूक्ष्मजीवांतल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांतून हळूहळू भरत जातो, त्यामुळे ती अजून ‘कोरी’ आहेत, असे त्यांनी सांगितले.

सासूबाईंना स्कोपमधून काहीच दिसेना. “आजी, आधी डावा डोळा मिटा आणि उजवा भिंगाला चिकटवू नका, दोन बोटे मागे घ्या,” असे म्हणत मार्गदर्शकाने स्टूल हलवले, ट्रायपॉडची उंची कमी केली आणि दिसल्याची खात्री होईपर्यंत रांग थांबवली. त्या वेळी भिंगात एका छोट्या रोहिताचे केवळ डोके मावले होते. तो मान पायांपाशी नेऊन चोच उलटी धरतो, म्हणजे वरचा जबडा खाली येतो, आणि डावी-उजवीकडे झाडल्यासारखी ती पाण्यातून फिरवतो. घशाची कातडी सारखी थरथरताना दिसते, कारण जीभ पिचकारीच्या दांड्याप्रमाणे आतबाहेर होऊन पाणी ओढते व फेकते आणि चोचीच्या कडांच्या बारीक कंगव्यात शेवाळ अडकून राहते. हे पाहायला दहा-पंधरा सेकंद पुरे होतात. मात्र ते पंधरा सेकंद मिळण्यासाठी चांगला स्कोप, जवळ आलेला पक्षी आणि न घाई करणारा माणूस अशा तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात.

या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग मात्र त्यानंतर आला. फ्लेमिंगोंनी मन भरल्यावर गट सैल झाला होता. तेव्हा मार्गदर्शकाने बांधाच्या अगदी जवळच्या चिखलाकडे सगळ्यांना वळवले, जिथे चिमणीएवढे मातकट पक्षी धावत होते आणि ज्यांच्याकडे तोवर कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते. एकाची चोच सरळ व आखूड, पाय काळे, तो लिटल स्टिंट. त्याच्याहून किंचित मोठ्याची चोच टोकाला खाली वळलेली, तो कर्ल्यू सँडपायपर. थोडे धावून एकदम थांबणारा तो चिखल्या. पाय नारिंगी-लाल असलेला रेडशँक. कंबर सतत हलवत बसणारी ती तुतवार. ही नावे ऐकवण्याआधी प्रत्येकाला एकेक प्रश्न विचारला जात होता : चालतो कसा, थांबतो कुठे, चोच डोक्याच्या किती पट? अर्ध्या तासात गटातले बहुतेकजण स्टिंट आणि चिखल्या वेगळे सांगू लागले. जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅमचा स्टिंट आर्क्टिकच्या टुंड्रा प्रदेशात अंडी घालतो आणि मध्य आशियाई उड्डाणमार्गाने येथवर येतो, ही माहिती त्याला ओळखता येऊ लागल्यानंतर सांगितली गेली, म्हणून ती लक्षात राहिली. पक्षी दाखवताना ‘तिकडे, त्या झाडापाशी’ असे मोघम न सांगता समोरच्या विजेच्या मनोऱ्याला बारा धरून ‘दोनच्या काट्यावर, दुसऱ्या काठीच्या अलीकडे’ असे सांगण्याची शिस्तही दोघांनी शेवटपर्यंत पाळली.

वर्तनाचे नियम कडक आहेत आणि तसेच असावेत. आमच्यातल्या एका हौशी छायाचित्रकाराने थवा उडालेला हवा म्हणून बांधावरून खाली चिखलात उतरायचा प्रयत्न केला तेव्हा त्याला शांतपणे परत बोलावण्यात आले. “सर, आता पाणी भरलेलं आहे. इथून उठले तर त्यांना बसायला दुसरी जागा शोधत फिरावं लागेल,” एवढेच मार्गदर्शक म्हणाले. त्या गृहस्थांना ते रुचले नाही आणि पुढचा वेळ ते फटकून राहिले. माझे मत मार्गदर्शकाच्या बाजूने आहे. ड्रोन उडवायला, आवाज वाजवून पक्षी बोलवायला आणि भडक कपड्यांना मनाई असल्याचे संदेशात आधीच लिहिलेले होते.

आता उणिवा. दिलेल्या दुर्बिणी आठ गुणिले बेचाळीस मापाच्या होत्या, आणि हे माप नवख्यांसाठी योग्यच आहे, कारण दहा पटींच्या दुर्बिणीत हात हललेला फार जाणवतो. परंतु माझ्या वाट्याला आलेल्या दुर्बिणीचे मधले चाक ढिले होते आणि एका नळीत बुरशीची जाळी धरलेली होती, त्यामुळे अर्धी सकाळ मी स्कोपच्या रांगेतच काढली. पाचशे रुपये घेताना दुर्बिणी महिन्यातून एकदा पुसून व तपासून ठेवणे अवघड नाही. एकच स्कोप दहा माणसांना अपुरा पडतो. ज्यांना मोबाइल लावून त्यातून फोटो काढायचा असतो ते दोन-दोन मिनिटे अडवून धरतात, आणि हे थांबवायला आयोजक संकोचतात. पाहायची पाळी आधी आणि फोटोची पाळी नंतर, असा नियम घातला तर निम्मी कुरबुर संपेल. पक्षी ओळखण्यासाठी हातात दिलेले रंगीत कार्ड केवळ इंग्रजीत होते. गटातले आठजण मराठी बोलत होते आणि मार्गदर्शकाच्या तोंडी मराठी नावे सहज येत होती, मग ती कार्डावर का नसावीत, हे विचारल्यावर पुढच्या छपाईत घालतो असे उत्तर मिळाले.

स्वच्छतागृह जवळ नाही. ज्येष्ठांनी आणि लहान मुलांना आणणाऱ्यांनी स्थानकावरच उरकून यावे. सावलीही नाही, त्यामुळे नऊनंतर टोपी व पाणी लागतेच. ओहोटीच्या चिखलाचा आणि सांडपाण्याचा वास सुरुवातीला नाकात बसतो, पुढे सवय होते. चहा मात्र उत्तम होता, आल्याचा, मामांच्या घरून थर्मासमध्ये आलेला, आणि प्लास्टिकचे पेले टाळून प्रत्येकाला आपापला पेला आणायला सांगितलेले होते.

जागेच्या भवितव्याविषयी मार्गदर्शकाने थोडक्यात आणि संयमाने सांगितले. ठाणे खाडीतला सुमारे 17 चौरस किलोमीटरचा पट्टा 6 ऑगस्ट 2015 रोजी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. आम्ही ज्या बांधावर उभे होतो ती तळी मात्र त्या हद्दीच्या बाहेर आहेत. अभयारण्यातले पक्षी भरतीला जिथे येऊन थांबतात अशा भांडुप, करावे, उरणकडचे पाणजे, भेंडखळ या जागांना अभ्यासक उपग्रह पाणथळी म्हणतात, आणि संरक्षणाची खरी ओढाताण याच जागांवरून चालते. भरतीला उभे राहायला जागा नसेल तर चिखलातल्या अन्नाचा पक्ष्यांना काही उपयोग नाही, हे त्या सकाळी आम्ही डोळ्यांनी पाहिलेले असल्यामुळे त्यावर वेगळे भाषण द्यावे लागले नाही. पलीकडच्या डीपीएस तलावाचेही उदाहरण निघाले : खाडीचे पाणी आत येण्याचे मार्ग बुजल्यामुळे तो 2024 मध्ये कोरडा पडत गेला, तेथे काही फ्लेमिंगो दगावले, पुढे नागरिकांनी पाठपुरावा केला आणि 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्याला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. खाडीत येणारे सांडपाणी शेवाळाला खतासारखे पुरते आणि शेवाळ फ्लेमिंगोंना, हा अडचणीचा मुद्दाही त्यांनी टाळला नाही.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून निघणाऱ्या बोटीशी या फेरीची तुलना अनेकजण करतात, म्हणून तेवढे सांगते. बोटीलाही पाणी लागते, त्यामुळे तिच्या वेळाही भरतीवरच बेतलेल्या असतात, आणि दोन्ही काठांच्या तिवरांमधून अभयारण्याच्या आत जायचा तो अनुभव काठावरून मिळत नाही. केंद्रातले कांदळवनाविषयीचे दालन मुलांना दाखवण्यासारखे आहे. घरी पाहुणे आले असतील आणि त्यांना फ्लेमिंगो दाखवायचे असतील तर मी बोटच सुचवीन. पण हलत्या बोटीत स्कोप लावता येत नाही, आणि चिखलावरचे लहान पक्षी ओळखायला शिकायचे तर पाय स्थिर हवेत आणि वेळ हाताशी हवा, तो या बांधावर मिळतो. आठ वर्षांखालच्या मुलांना येथे आणू नये, तीन तास त्यांना जड जातात.

नोंदणी करताना पहिला प्रश्न भरतीच्या वेळेचा विचारावा. त्या दिवशी पाणी किती वाजता भरेल हे ज्याला सांगता येत नाही, त्याला पैसे देण्याचे कारण नाही. मार्चअखेरीला परतीच्या आधी पाणटिवळ्यांच्या मानेवर आणि छातीवर विटकरी रंग चढू लागतो असे कळल्यामुळे तेव्हाच्या चतुर्दशीसाठी आम्ही दोघींची नावे दिली आहेत. तो दिवसही कामाचाच निघाला. दुर्बीण या वेळी नणंदेची मागून नेणार आहे.